रानातले घर : ऐषाराम कशात मोजायचा?

‘केबिन’ हा शब्द मराठीत शिरला तो कचेरीच्या दारातून. केबिन म्हणजे साहेबांची खोली, काचेचे दार आणि बाहेर स्टुलावर बसलेला शिपाई. अलीकडे मात्र जाहिरातींनी या शब्दाचा पत्ता बदलला आहे. आता केबिन डोंगरउतारावर असते. पलंगाच्या पायथ्यापासून छतापर्यंत एकच काच असते, काचेपलीकडे दरी किंवा धरणाचे पाणी असते आणि कठड्याला लागून पोहण्याचा तलाव असतो. मुळशी, पवना, पानशेत, इगतपुरी, महाबळेश्वर या पट्ट्यात अशी घरे बांधणारे आणि भाड्याने घेऊन तिथे दोन दिवस राहणारे आपल्यापैकीच आहेत. त्यामुळे हा विषय परका राहिलेला नाही.

अशा घराची रचना म्हणजे सजावट, असा सर्वसाधारण समज आहे. लाकूड कोणते, दिवे कसे, न्हाणीघरात दगड कोणता, एवढ्यावर चर्चा थांबते. विसाव्या शतकापासून आजपर्यंत निसर्गात बांधल्या गेलेल्या काही नामांकित लहान घरांचा इतिहास पाहिला तर वेगळी गोष्ट दिसते. ही घरे टिकली किंवा फसली ती चार प्रश्नांवर : घर जमिनीला कसे टेकते, काच कुठे आणि किती, पाणी कुठून येते व कुठे जाते, आणि घर किती मोठे आहे. या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच पेच आहे. ज्या शांततेसाठी आपण रानात जातो, ती शांतता आपल्या घरामुळेच मोडू शकते.

जमीन : निवडायची की बनवायची?

रामायणाच्या अरण्यकांडात पंचवटीला पोहोचल्यावर राम लक्ष्मणाला पर्णशाळेसाठी जागा पाहायला सांगतो. पाणी जवळ हवे, वन रमणीय हवे, समिधा, फुले आणि दर्भ हाताशी हवेत. लक्ष्मण म्हणतो, जागा तुम्हीच सांगा. मग राम गोदावरीजवळची एक सपाट जागा निवडतो आणि लक्ष्मण तिथे माती, खांब, वेळू आणि पाने यांची कुटी उभारतो. काव्यातल्या या प्रसंगात वास्तुरचनेचा एक पक्का नियम आहे. सपाट जागा शोधली गेली, केली गेली नाही.

आज सह्याद्रीत जमीन घेतल्यावर पहिला येतो तो जेसीबी. उताराची वरची बाजू कापायची, निघालेली माती-मुरूम खालच्या बाजूला लोटायची आणि मधे सपाट ओटा तयार करायचा, ही रूढ पद्धत. पहिल्या उन्हाळ्यात तो ओटा भक्कम दिसतो. पण त्याचा अर्धा भाग मूळ जमीन असतो आणि अर्धा सैल भराव. पावसाळ्यात भरावात पाणी मुरते, माती जड होते, खाली बसते आणि संरक्षक भिंतीवर मागून दाब येतो. भिंतीतली पाणी जाण्याची भोके बुजली तर भिंत पुढे फुगू लागते. घराच्या मधोमध तिरकी भेग पडते ती बहुधा कापलेली जमीन आणि भराव यांच्या सांध्यावर. वरच्या बाजूचा कापही मोकळा राहतो. ज्या मातीला खालून आधार होता, तो आपण काढून घेतलेला असतो.

पाण्याने भरलेला उतार काय करू शकतो हे महाराष्ट्राने २०१४ मध्ये माळीणला, २०२१ मध्ये तळियेला आणि २०२३ मध्ये इरशाळवाडीला पाहिले. या दुर्घटनांचा सुट्टीतल्या घरांशी संबंध जोडणे चुकीचे ठरेल. मात्र डोंगराच्या अंगावर खोदकाम करण्यापूर्वी ही तीन नावे आठवायला हवीत.

दुसरा मार्ग नॉर्वेत पाहायला मिळतो. पश्चिम नॉर्वेतील वाल्डाल खोऱ्यात ‘युवेत’ नावाचे हॉटेल आहे. येन्सेन आणि स्कोडविन या वास्तुकारांनी तिथे एका मोठ्या इमारतीऐवजी रानात विखुरलेल्या सात सुट्या खोल्या बांधल्या. त्यासाठी खडक फोडला नाही. खडकात ४० मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळया रोवून त्यांवर खोल्या ठेवल्या. दगड, शेवाळ, झाडांची मुळे जागच्या जागी राहिली. प्रत्येक खोलीची काच अशा दिशेला आहे की तिच्यातून दुसरी खोली दिसत नाही. आतले लाकूड मुद्दाम गडद ठेवले आहे, कारण फिकट भिंतींचे प्रतिबिंब काचेत पडले की बाहेरचे दृश्य पुसट होते. उद्या या खोल्या उचलून नेल्या, तर मागे काही भोके उरतील आणि डोंगर होता तसाच राहील.

खांबांवरचे घर सह्याद्रीतही शक्य आहे. पण इथे त्याचे नियम इथल्या पावसाने ठरतात. खांबांना तिरके आधार हवेत, कारण घाटमाथ्यावरचा वारा घराला आडवा ढकलतो. छपराचे पाणी खांबांच्या बुंध्याशी पडता कामा नये. आणि खांब मुरमात किती खोल गेल्यावर खडक लागतो, हे वास्तुकाराच्या आधी भूगर्भाच्या जाणकाराने सांगायला हवे. हा खर्च छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तो टाळण्याचा मोह होतो.

काच : एका डॉक्टरबाईंचे घर

काचेच्या घराचा मोह ज्या घराने जगाला लावला, त्याची कहाणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ या शिकागोतील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ. शनिवार-रविवार राहण्यासाठी त्यांना शहराबाहेर घर हवे होते. शिकागोपासून सुमारे ९० किलोमीटरवर प्लेनो या गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी त्यांनी जमीन घेतली आणि १९४५ मध्ये मीस फान डेर रोह या जर्मनीतून आलेल्या वास्तुकाराकडे काम सोपवले. १९५१ मध्ये घर पूर्ण झाले. आठ पांढरे पोलादी खांब, त्यांनी तोललेले दोन आडवे पत्रे म्हणावेत असे जमीन आणि छत, मधे चारही बाजूंना काच. क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस फूट. आत स्वयंपाकघर आणि स्नानगृह सामावणारा एक लाकडी गाभा आणि बाकी मोकळा अवकाश. आधुनिक वास्तुकलेच्या पाठ्यपुस्तकांत हे घर आजही शिकवले जाते, आणि त्याच्या देखणेपणाविषयी वाद घालणे अवघड आहे.

राहण्याविषयी मात्र वाद झाला, आणि तो कोर्टापर्यंत गेला. खर्च अंदाजाच्या पुष्कळ पुढे, सुमारे ७४ हजार डॉलरपर्यंत पोहोचला होता. मीसने बाकी पैशांसाठी दावा लावला, बाईंनी उलटा दावा लावला, शेवटी तडजोड झाली. पैशांपलीकडच्या तक्रारी अधिक बोलक्या आहेत. उन्हाळ्यात घर तापत असे, कारण वारा येण्यासाठी दारांखेरीज जवळजवळ काही नव्हते. पूर्व टोकाला खाली दोन लहान उघडणाऱ्या खिडक्या, एवढेच. हिवाळ्यात थंड काचेवर आतली वाफ धरून पाण्याचे ओघळ येत. रात्री दिवा लावला की सारे घर कंदील होई आणि नदीकाठचे किडे-पतंग त्यावर झेपावत. बाहेरच्यांच्या नजरेपासून लपायला जागा नव्हती. घर पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली, तेव्हा रानात एकांतासाठी आलेल्या बाईच प्रदर्शनातली वस्तू झाल्या.

नदीचा प्रश्न निराळाच. पुराचा विचार करून मीसने घराची जमीन भूपृष्ठापासून सुमारे सव्वापाच फूट उचलली होती. १९५४ मध्येच पाणी घरात शिरले. १९९६ च्या पुरात ते आत सुमारे पाच फूट चढले, काचा फुटल्या, सामान वाहून गेले. तोवर घर दुसऱ्या मालकाकडे गेले होते. २००३ मध्ये वारसाजतन करणाऱ्या संस्थांनी ते लिलावात ७५ लाख डॉलरना घेतले. पुढे २००८ मध्येही पाणी आत आले. आज ते संग्रहालय आहे, आणि २०२१ पासून त्याच्या नावात बाईंचे पूर्ण नाव आहे.

या घराचा धडा ‘काच नको’ इतका सोपा नाही. काच कोणत्या हवेत, कोणत्या दिशेला आणि कोणत्या सावलीत, हा खरा प्रश्न आहे. काच उन्हाला आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूंतून बाहेर पडणारी उष्णता सहज सोडत नाही. इलिनॉयमध्ये निदान हिवाळ्यात या गुणाचा उपयोग होतो. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यावर थेट डोक्यावर येतो. तेव्हा छपराची काळजी घेतली तर दुपारचे बारा निभावतात. खरी परीक्षा तीन ते सहा या वेळात, पश्चिमेच्या भिंतीवर होते. आणि इथेच सह्याद्रीची एक अडचण आहे, जी सहसा कुणी जागा दाखवताना सांगत नाही. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी दरी पश्चिमेला. म्हणजे दृश्य पश्चिमेला. उतरते ऊन पश्चिमेचे. आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याची झडही तिकडूनच. जिकडे पाहण्याची हौस, तिकडूनच ऊन आणि पाऊस.

पक्ष्यांचा प्रश्नही आहे. काचेत आभाळ आणि झाडे दिसली की पक्षी ती खरी समजून धडकतात. उत्तर स्वीडनमधील हाराड्स गावी झाडाला धरून बांधलेली एक आरशाची खोली आहे, चार मीटर लांब, चार रुंद, चार उंच. थाम आणि विडेगोर्ड या वास्तुकारांनी २०१० मध्ये ती केली. माणसाच्या नजरेला ती रानात विरघळून जाते. पक्ष्यांसाठी मात्र काचेत असा थर घातला आहे, जो आपल्याला दिसत नाही आणि त्यांना दिसतो. घराला लागणारी ही काळजी घरमालकाच्या कामाची नाही, शेजाऱ्यांच्या कामाची आहे.

पडवी : मधली जागा

पश्चिमेच्या या पेचाला कोकणातल्या घरांनी शोधलेले उत्तर म्हणजे पडवी. भिंत आत घ्यायची, छप्पर बाहेर काढायचे आणि मधे सावलीचा पट्टा ठेवायचा. हिशेब सोपा आहे. पाऊस ४५ अंशांत तिरका येत असेल, तर चार फूट बाहेर काढलेले छप्पर भिंतीचा वरचा चार फूट भाग कोरडा ठेवते. म्हणून छप्पर नुसते लांब असून चालत नाही, ते खाली उतरलेलेही असावे लागते. पावसाळ्यात झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधले जात ते उरलेला कोन झाकण्यासाठी. हल्लीच्या केबिनच्या चित्रांत छपराची कड भिंतीबरोबर कापलेली असते. कोरड्या हवेत ती रेघ देखणी दिसते, आंबोलीत दुसऱ्या पावसाळ्यात तिथे बुरशी धरते.

हे ज्ञान जुन्या घरांपुरते नाही, ते आधुनिक घरात उतरते याचा पुरावा अलिबागजवळ नांदगाव येथे आहे. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये नारळाच्या बागेत ‘पामायरा हाऊस’ बांधले. समोरासमोर दोन लाकडी इमारती आणि त्यांच्या मधे पोहण्याचा अरुंद तलाव. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, सुतारांनी सांधे जोडून केलेला. दर्शनी भागावर ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे ताडपट्ट्यांचे झडपदार पडदेच. पट्ट्यांतून वारा फिरतो, ऊन तुकड्यातुकड्यांनी येते, आणि घरात बसून बाग दिसते पण बागेतून घर उघडे पडत नाही. पाणी आवारातल्या विहिरींचे. ते उंच टाकीत चढवून उताराने घरात येते. हे श्रीमंतांचे घर आहे, यात शंका नाही. पण त्याची श्रीमंती सुताराच्या सांध्यात आणि वाऱ्यात आहे, आणि ते हवेशी भांडत नाही.

ऑस्ट्रेलियाचे ग्लेन मरकट हेच निराळ्या रीतीने करतात. त्या देशाच्या उत्तर टोकाला, यिरकाला येथे एका आदिवासी चित्रकर्तीच्या कुटुंबासाठी त्यांनी १९९४ मध्ये बांधलेल्या घरात काचच नाही. जमिनीपासून उचललेली तक्तपोशी, पुढे आलेले पत्र्याचे छप्पर आणि वर उचलून उघडायच्या फळ्यांच्या भिंती. उष्ण, दमट आणि वादळी हवेला ते घर खिडक्यांऐवजी भिंतच उघडून उत्तर देते. मरकट यांना २००२ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

पाणी, मैला आणि उजेड

आता कागदावर एक गणित मांडू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर तो पाच लाख लिटरहून अधिक होतो, आणि तोही बहुतांश चार महिन्यांत. एका दिवसात ३०० मिलिमीटर पडला तर त्या एका छपरावरून अठ्ठावीस हजार लिटर पाणी उतरते. पूर्वी तेच पाणी पानांवर, पालापाचोळ्यावर, मुळांवर पडून जिरत होते. आता ते पन्हळीच्या एका तोंडातून उतारावर सोडले जाते आणि तिथे ओघळ पडतो. ओघळाची घळ व्हायला फार वर्षे लागत नाहीत. म्हणून छपराचे पाणी साठवायचे, उरलेले दगडी चरातून पसरवायचे आणि कुठेही एका धारेने सोडायचे नाही, हा रचनेचा भाग आहे. प्लंबरवर सोडण्याचे काम नव्हे.

सह्याद्रीचा कठोर विनोद असा की जिथे इतका पाऊस पडतो, तिथल्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये हंडे रांगेत लागतात. बेसॉल्टचा खडक पाणी फारसे धरून ठेवत नाही. भेगांमधून, थरांच्या सांध्यांतून जे झिरपते, ते खाली झरा होऊन निघते आणि त्यावर वाडी जगते. वरच्या अंगाला झालेल्या केबिनचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा पातळ मातीच्या थरात असेल, तर त्याचे पाणीही त्याच भेगांनी त्याच झऱ्याकडे जाऊ शकते. मैल्याची जागा ठरवण्यापूर्वी झरा कुठे आहे हे वाडीतल्या बायकांना विचारावे. त्यांना ते नकाशापेक्षा अचूक माहीत असते. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून बागेला देणे हा स्वस्त आणि जुना उपाय आहे.

पोहण्याचा तलाव हेही गणितच आहे. ३० फूट लांब, १२ फूट रुंद आणि ४ फूट खोल तलावात चाळीस हजार लिटर पाणी मावते. ग्रामीण भागातल्या नळपाण्यासाठी माणशी रोज ५५ लिटर हे सरकारी माप आहे. त्या मापाने हे पाणी पाच-पाच माणसांच्या वीस घरांना आठवडाभर पुरते. तलाव बांधूच नये असे यातून निघत नाही. पण तो भरणारे पाणी पावसाळ्यात छपरावरून साठवलेले आहे की मेमध्ये टँकरने आणलेले, यावर त्या घराची नैतिक उंची ठरते.

उजेडाचे कुणी मोजमाप करत नाही. मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या सुमारास सह्याद्रीत काजवे येतात. नर लुकलुकून मादीला खूण करतो, आणि ती खूण अंधारातच दिसते. झाडांवर रोखलेले रंगीत झोत आणि रात्रभर जळणारे काचेचे घर त्या संभाषणात गोंधळ घालतात. दिवे कमी, पिवळसर, खाली तोंड केलेले आणि पायवाटेपुरते ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. काजवे पाहायला आलेल्या पाहुण्यांना याहून मोठी सोय कोणती देता येईल?

आकार : बारा बाय बारा

चौथा प्रश्न आकाराचा. चंदीगडच्या आराखड्यांवर काम सुरू असतानाच, १९५१-५२ मध्ये, ल कॉर्बुझिए यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तां येथे स्वतःसाठी एक खोपटे बांधले. त्याला ते ‘काबानों’ म्हणत. बाहेरून सालीसकट ओंडक्यांच्या फळ्या, आत प्लायवुड. लांबी-रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट. उंची २.२६ मीटर, हात वर केलेल्या माणसाची उंची म्हणून त्यांनी आपल्या मापनपद्धतीत धरलेली. भाग कॉर्सिकात तयार करून आणले आणि जागेवर जोडले. आत पलंग, मेज, कपाट, हात धुण्याचे भांडे. खिडक्या लहान, पण समुद्राच्या चौकटी नेमक्या पकडणाऱ्या, आणि हवेसाठी उभ्या अरुंद फटी. स्वयंपाकघर नाही, कारण शेजारच्या खाणावळीत जायला आतूनच दार होते. जगभर शहरे आखणारा हा माणूस पुढची अनेक वर्षे उन्हाळ्यात इथेच राहिला, आणि १९६५ मध्ये तिथल्याच समुद्रात पोहताना वारला. २०१६ मध्ये ही खोली जागतिक वारसा झाली, त्याच यादीत आणि त्याच नोंदीत, जिच्यात चंदीगडचा राजधानी परिसर आहे.

१४४ चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे कॉर्बुझिएची आवडती जागा आपल्या चाळीतल्या खोलीहून लहान होती, आणि तरी तिला कुणी गैरसोय म्हटले नाही. चाळीत त्याच आकारात दोन पिढ्या राहिल्या आणि दाराबाहेर सामाईक गॅलरी होती. काबानोंत एक-दोन माणसे, आणि दाराबाहेर खडक, कॅरोबचे झाड आणि भूमध्य समुद्र. ऐषाराम त्या बारा फुटांत नव्हता. तो बाहेर उरलेल्या मोकळेपणात होता, आणि शेजारी खाणावळ असण्यात होता. रानात बांधताना हा हिशेब उपयोगी पडतो. घर जितके पसरेल, तितके रान मागे सरेल, आणि मालकाने पैसे मोजले होते ते रानासाठी.

लहान घर बांधायलाही सोपे जाते. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने बांधकामाचे सामान घोड्यांवरून आणि हातगाड्यांवरून चढत आले आहे. तुळई किती लांब असावी हे तिथे वळणावरून काय नेता येते यावर ठरते. अशी अट नसलेल्या जागीही ती स्वतःवर घालून घ्यायला हरकत नाही. रुंद रस्ता कापावा लागेल असे काहीच आणायचे नाही, एवढे ठरवले तरी आराखडा आपोआप शहाणा होतो.

कायदा आणि कायद्यापलीकडे

२००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी आणि २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे म्हणून जाहीर झाली. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने आणि २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने पश्चिम घाटाविषयी अहवाल दिले. त्यांच्यावरचे वाद मोठे आहेत आणि ते इथे सोडवता येणार नाहीत. परवानगी मिळाली की काम योग्य झाले, असे मात्र मानता येत नाही. चटईक्षेत्र, बिनशेती आणि नकाशामंजुरी यांत झरा, काजवा किंवा पश्चिमेची झड कुठेच नोंदलेली नसते. ती नोंद रचनाकाराने आणि मालकाने करायची असते.

ती करण्याचा मार्ग फार खर्चाचा नाही. जागा घेतल्यावर आराखड्याला हात लावण्यापूर्वी एक वर्ष जाऊ द्यावे. जुलैत जाऊन पाणी कुठून वाहते ते पाहावे, ऑक्टोबरात कुठे ओल टिकते ते, मेमध्ये दुपारी चारला ऊन कुठे पोहोचते आणि वाडीतले हंडे कुठवर जातात ते. अमावास्येच्या रात्री तिथे बसून किती तारे दिसतात ते मोजावे. मग जी जागा आपोआप सपाट, कोरडी आणि सावलीची सापडेल, तिथे बेताचे घर ठेवावे. पाच वर्षांनी पुन्हा त्याच अमावास्येला, त्याच जागी बसून तारे मोजावेत. संख्या तेवढीच भरली, तर घर चांगले बांधले गेले.